विश्लेषण : जुना खेळ जुन्याच नियमांनी का खेळायचा? अमेरिकेतलं ‘बेस बॉल’ आणि खान्देशातली विटी

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. समाजमाध्यमांवर ‘मातीतला खेळ जगात पोहोचला’ अशा पोस्ट दिवसभर फिरत होत्या. आनंद खरा होता, पण हा विश्वचषक मातीत नाही, मॅटवर खेळला गेला. वेळ, खेळाडूंची संख्या आणि गुण यांची गणितंही गावच्या खो-खोपेक्षा वेगळी होती.

यात गैर काही नाही. खेळ मोठा होताना बदलतोच. पण तो बदलतो तेव्हा त्याच्या जुन्या रूपाचं काय होतं? अमेरिकेत काही हौशी मंडळींनी या प्रश्नाला एक वेगळंच उत्तर शोधलं आहे. ते एकोणिसाव्या शतकातलं बेसबॉल त्याच काळच्या नियमांनी, त्याच काळच्या कपड्यांत, आजही खेळतात. हा नाद नक्की काय आहे आणि जळगाव-धुळ्याने त्यातून काय घ्यावं?

‘व्हिंटेज बेस बॉल’ म्हणजे काय?

नावापासूनच सुरुवात करू. एकोणिसाव्या शतकात ‘बेस बॉल’ असे दोन वेगळे शब्द लिहीत. जुन्या पद्धतीने खेळणारे आजही तसंच लिहितात. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात ‘ओहायो व्हिलेज’ नावाचं जुन्या काळासारखं उभारलेलं गाव आहे. तिथे १९८१ मध्ये ‘ओहायो व्हिलेज मफिन्स’ हा संघ सुरू झाला. ‘मफिन’ म्हणजे त्या काळच्या बोलीत ज्याच्या हातून झेल सुटतो असा कच्चा खेळाडू. संघाने स्वतःलाच हे नाव घेतलं, यावरून या मंडळींचा स्वभाव कळतो. पुढे असे संघ वाढले आणि १९९६ मध्ये त्यांची ‘व्हिंटेज बेस बॉल असोसिएशन’ ही संघटना स्थापन झाली.

हे संघ आधी वर्ष ठरवतात. कुणी १८६० चे नियम पाळतं, कुणी १८६४ चे, कुणी १८८० च्या दशकातले. मग त्या वर्षी जे नव्हतं ते मैदानात येत नाही. १८६० च्या दशकातला सामना असेल तर हातमोजे नाहीत, चेंडू उघड्या हाताने झेलायचा. चेंडू टाकायचा तो खालून हात फिरवून, कारण डोक्यावरून हात फिरवून फेकायला प्रमुख स्पर्धेत परवानगी मिळाली ती १८८४ मध्ये. धावेला ‘एस’ म्हणायचं आणि फलंदाजाला ‘स्ट्रायकर’. शिवी दिली तर काही सेंटचा दंड. सामना संपला की हरलेल्यांनी जिंकलेल्यांसाठी आणि जिंकलेल्यांनी हरलेल्यांसाठी जयघोष करायचा.

सगळ्यात गंमतशीर नियम झेलाचा आहे. १८६४ च्या हंगामापर्यंत चेंडूचा एक टप्पा पडल्यावर जरी तो पकडला तरी फलंदाज बाद. आपल्या गल्ली क्रिकेटमध्ये ‘एक टप्पा आउट’ म्हणतात ना, अगदी तेच!

नुसते जुने कपडे घालून काय कळतं?

कपड्यांनी फारसं काही कळत नाही. कळतं ते नियमांमुळे. ‘एक टप्पा आउट’ हा नियम कागदावर वाचला तर बालिश वाटतो. उघड्या हाताने कडक चेंडू झेलून पाहिला की तो नियम का होता हे बोटांना कळतं. मोजे नसताना प्रत्येक झेल थेट घ्यायचा म्हटलं तर बोटं मोडायची वेळ यायची. मग हा नियम गेला का? कारण खेळ मुरत गेला, चांगल्या खेळाडूंना टप्पा पडू देणं पळपुटेपणाचं वाटू लागलं. त्यावर क्लबांमध्ये कित्येक वर्षं वाद चालला आणि शेवटी १८६५ च्या हंगामापासून मैदानातल्या चेंडूसाठी टप्प्यावरचा झेल बंद झाला.

म्हणजे प्रत्येक नियमामागे कुणाचा तरी हात दुखलेला असतो, कुणाचं तरी भांडण झालेलं असतं. नियम बदलतो तेव्हा ती आठवण पुसली जाते. जुन्या नियमांनी पुन्हा खेळणं म्हणजे ती आठवण पुन्हा अंगावर घेणं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हा सामना आधी ठरवलेला नसतो. कोण जिंकणार हे कुणालाच माहीत नसतं. कपडे १८६४ चे असले, तरी पळताना लागणारा दम आजचा असतो. नाटकातली लढाई आणि असा सामना यांत हाच फरक आहे.

याचा खान्देशाशी संबंध काय?

एक संबंध योगायोगाचा आहे, पण सांगण्याजोगा आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. न्यू यॉर्कच्या पद्धतीचं बेसबॉल देशभर पसरायला या युद्धातल्या सैनिकी छावण्यांचा हातभार लागला. त्याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा झाला आणि खान्देशच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत जळगाव कापसाची मोठी बाजारपेठ बनलं. त्याच दशकात रेल्वेही आली. युद्ध संपलं तसे भाव कोसळले. पण जळगाव शहराची जडणघडण त्या दिवसांत सुरू झाली होती. म्हणजे ओहायोतले लोक ज्या वर्षांचा खेळ आज खेळतात, नेमक्या त्याच वर्षांनी जळगावचं नशीब पालटलं.

दुसरा संबंध खेळाचाच आहे. दांड्याने विटी उडवायची, समोरच्याने ती हवेत झेलायची, झेलली तर मारणारा बाद. मोजमाप दांडूनेच. बेसबॉल, क्रिकेट आणि विटी-दांडू यांच्यात कोण कुणाचा पूर्वज हे ठरवण्याची गरज नाही. लाकडाने टोला मारायचा आणि समोरच्याने झेलायचं, ही माणसाची जुनी हौस आहे.

विटी-दांडूच्या मोजणीत मात्र एक खजिना दडलेला आहे. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी अंतर मोजताना एक, दोन, तीन असं म्हणत नसत. ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असं म्हणत. मोजणी जिथे थांबेल त्या आकड्याप्रमाणे शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर विटी ठेवून पुढचा टोला मारायचा. हे शब्द निरर्थक वाटतात, पण तेलुगूत एक म्हणजे ‘ओकटि’, दोन ‘रेंडु’, तीन ‘मूडु’, चार ‘नालुगु’. मराठी मुलं पिढ्यान् पिढ्या तेलुगू आकडे मोजत होती आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं! हे आकडे कोणत्या वाटेने आले, कुणाबरोबर आले, हा इतिहासाचा मोठा प्रश्न आहे. तो कोणत्याही बखरीत नाही. तो मुलांच्या तोंडात होता.

आता हा शब्द तुमच्या गावात कसा म्हणत? ‘लेंड’ की ‘रेंड’? पाचव्या, सहाव्या, सातव्या आकड्याला काय म्हणत? धुळ्याच्या अहिराणी पट्ट्यात, जळगावच्या लेवा गणबोलीच्या गावांत, सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत ही मोजणी एकच होती की वेगळी? या प्रश्नांची उत्तरं ज्यांच्याकडे आहेत, त्यांतले बहुतेक आज सत्तरी ओलांडलेले आहेत. खरी अडचण इथे आहे.

कबड्डी आणि खो-खो तर जोरात आहेत, मग काळजी कसली?

हे दोन खेळ टिकले याचं श्रेय ज्यांनी त्यांचे नियम लिहिले त्यांना जातं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात खो-खोला लिखित नियम दिले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने हुतुतूच्या स्पर्धा भरवल्या. १९२८ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ स्थापन झालं आणि देशी खेळांचे नियम एकसारखे करण्याच्या कामाला जोर आला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी व्यायाम आणि खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड काढले. ही सगळी मेहनत नसती तर १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डी पोहोचली नसती, २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली नसती.

पण एकच नियमपुस्तक करायचं म्हणजे बाकीचे नियम बाजूला ठेवावे लागतात. कबड्डीचे पूर्वी तीन प्रकार सांगितले जात. ‘संजीवनी’त समोरचा गडी बाद झाला की आपला बाद गडी पुन्हा जिवंत होतो. ‘गामिनी’त एकदा बाद झालेला गडी आपला सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. ‘अमर’ प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडतच नाही, फक्त गुण मोजले जातात. आजची कबड्डी मुख्यतः संजीवनीच्या वाटेने आली. गामिनी आणि अमर ही नावं क्रीडा शिक्षकाच्या परीक्षेत विचारली जातात, मैदानात फारशी दिसत नाहीत.

नियम बदलला की खेळाचा स्वभाव बदलतो. गामिनीत एकदा गेलेला गडी परत येत नाही, म्हणून शेवटी उरलेल्या एकट्या गड्यावर सगळा भार. संजीवनीत पुनरागमनाची आशा असते. प्रेक्षकांना आणि टीव्हीला संजीवनी सोयीची, कारण मैदान भरलेलं राहतं. खो-खोचंही तसंच. २०२२ च्या अल्टिमेट खो-खो लीगमध्ये ‘वझीर’ आला. तो कोणत्याही दिशेला पळू शकतो. जुन्या खो-खोत पाठलाग करणाऱ्याने दिशा बदलायची नाही हाच तर खेळाचा जीव होता. वझीरामुळे खेळ वेगवान आणि बघणेबल झाला हे खरं. पण दिशा न बदलता गडी पकडण्याची जी अक्कल होती, ती आता जास्त कुठे वापरली जाणार?

थोडक्यात, खेळ वाचवण्याचे आजवर दोनच रस्ते होते. एक, त्याला स्पर्धेत न्यायचं आणि त्यासाठी बदलायचं. दोन, त्याला मरू द्यायचं आणि मग त्याच्या आठवणींवर भावुक पोस्ट टाकायच्या. जुन्या नियमांनी पुन्हा खेळणं हा तिसरा रस्ता आहे. तो पहिल्या रस्त्याच्या आड येत नाही. अमेरिकेतलं व्यावसायिक बेसबॉल मफिन्समुळे थांबलेलं नाही.

महाराष्ट्रात असं काही होतच नाही का?

होतं, पण वेगळ्या तऱ्हेने. कोल्हापूरचे मर्दानी खेळ घ्या. लाठी, पट्टा, विटा यांची प्रात्यक्षिकं आता शिवजयंतीच्या मिरवणुकीत राज्यभर होतात, खान्देशातही. मल्लखांब हे तर एकोणिसाव्या शतकातून चालत आलेलं उदाहरण. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवं रूप दिलं असं मानलं जातं. १८१८ मध्ये पेशवाई गेली, पण मल्लखांब राहिला. २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. २०२२ मध्ये गुजरातेतल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याला स्थान मिळालं. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

मल्लखांब टिकला कारण गुरूकडून शिष्याकडे जाण्याची साखळी तुटली नाही. पण मल्लखांब असो वा पट्टा, हे दाखवण्याचे प्रकार आहेत. त्यांना गुरू आहे, तालीम आहे, मिरवणूक आहे. विटी-दांडू, आट्यापाट्या, लगोरी, सूरपारंब्या यांना गुरू नसतो. हे खेळ मोठी मुलं लहान मुलांना शिकवत. आता संध्याकाळी मैदानात मोठी मुलंही नाहीत आणि लहानही नाहीत, म्हणून साखळी तुटली. तालमीच्या वाटेने हे खेळ वाचणार नाहीत. त्यांना सामना हवा, समोर गडी हवा आणि ‘बाद आहे’, ‘नाही बाद’ असं भांडण हवं.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये शाळांसाठी ७५ भारतीय खेळांची यादी पुढे आणली. चांगली गोष्ट आहे. पण देशभरासाठी यादी केली की प्रत्येक खेळाचा पुन्हा एकच नियम छापला जातो. जळगावच्या शाळेतल्या मुलाला दिल्लीत छापलेल्या नियमांचा गिल्ली-दंडा शिकवला जाईल आणि त्याच्याच आजोबांची मोजणी त्याला कधी कळणार नाही, असं व्हायला वेळ लागणार नाही.

‘आपला खेळ पाच हजार वर्षं जुना’, हे फॉरवर्ड खरं मानायचं का?

इथे अमेरिकेची गोष्ट धडा म्हणून उपयोगी आहे. १९०५ मध्ये बेसबॉलचा जन्म कुठे झाला हे ठरवायला एक समिती बसली. तिने जाहीर केलं की अॅबनर डबलडे नावाच्या माणसाने १८३९ मध्ये कूपर्सटाउन गावात बेसबॉल शोधलं. पुरावा काय, तर एका वृद्धाची आठवण. डबलडे पुढे यादवी युद्धात सेनानी म्हणून गाजला, त्यामुळे गोष्ट देशाला आवडली. १९३९ मध्ये त्याच गावात बेसबॉलचं ‘हॉल ऑफ फेम’ उघडलं. आज इतिहासकार ही कथा मानत नाहीत. डबलडेच्या स्वतःच्या कागदांत या शोधाचा उल्लेख नाही आणि बॅट-बॉलचे असे खेळ त्याआधीपासून इंग्लंड-अमेरिकेत होते. लिखित नियमांचा मोठा टप्पा म्हणजे न्यू यॉर्कच्या निकरबॉकर क्लबचे १८४५ चे नियम.

आपल्याकडेही खो-खोचं मूळ थेट कुरुक्षेत्रावर आणि कबड्डीचं मूळ अभिमन्यूच्या चक्रव्यूहात सांगणारी फॉरवर्ड सारखी फिरतात. त्यांना पुरावा नसतो. गंमत म्हणजे अशा दाव्यांनी खेळाचं नुकसानच होतं. ‘पाच हजार वर्षं जुना’ म्हटलं की शोध थांबतो. पण ‘१९५५ च्या सुमारास, अमळनेर तालुक्यातल्या अमुक गावात, आखाजीच्या सुटीत असा खेळत’ एवढं नेमकं सांगितलं तर ते तपासता येतं, तसं खेळता येतं आणि शेजारच्या गावाला ‘आमच्याकडे असं नव्हतं’ म्हणता येतं. जुन्या नियमांनी खेळणाऱ्यांची शिस्त हीच आहे. वर्ष सांगा, गाव सांगा, कुणाकडून कळलं ते सांगा.

जुनं ते सगळंच सोनं होतं का?

नाही. हे लपवलं तर पुन्हा खेळणं म्हणजे नुसती रंगरंगोटी होईल. १८६७ मध्ये अमेरिकेतल्या बेसबॉल खेळाडूंच्या राष्ट्रीय संघटनेने कृष्णवर्णीय सदस्य असलेल्या क्लबांना दारं बंद केली. त्या काळाचे नियम जसेच्या तसे पाळायचे म्हटले तर आजचे निम्मे खेळाडू मैदानाबाहेर बसतील. व्हिंटेज संघ चेंडूचे नियम जुने पाळतात, वगळण्याचे नियम पाळत नाहीत. अनेक संघांत स्त्रियाही खेळतात.

आपल्याकडेही मैदान सगळ्यांचं नव्हतं. पळवणकर बाळू हे त्या काळचे अव्वल डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरहून जास्त बळी घेतले. पण पुण्यात खेळताना त्यांना चहा मैदानाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. आट्यापाट्यांत काही ठिकाणी एखाद्या पाटीला जातीचं नाव होतं. गावातल्या कोणत्या मुलांना खेळात घेत, कोणाच्या हातचा दांडू कोण धरत नसे, हेही त्या खेळाच्या नियमांतच होतं, फक्त लिहिलेलं नव्हतं. नोंद करताना ते लिहून ठेवायचं आणि खेळताना ते टाकून द्यायचं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

आखाजीचंही तसंच. अक्षय्य तृतीया खान्देशात मोठा सण. शेतं मोकळी असतात, सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची या सणावर कविताच आहे. पण याच सणाला पत्त्यांवर पैसे लावायचीही जुनी चाल आहे. जुगार कायद्याने गुन्हा आहे आणि त्यात घरं बसली आहेत. परंपरा म्हणून तो डाव पुन्हा मांडण्याची गरज नाही. काय पुन्हा खेळायचं आणि काय फक्त नोंदवून ठेवायचं, हे ठरवणं हाही या कामाचाच भाग आहे.

जळगाव-धुळ्यात हे करायचं तर कसं?

ओहायोच्या लोकांकडे कागद होते, माणसं नव्हती. १८६४ चा एकही खेळाडू जिवंत नव्हता, म्हणून त्यांना नियमपुस्तकं आणि जुनी वर्तमानपत्रं चाळावी लागली. खान्देशात नेमकं उलटं आहे. कागद जवळपास नाहीत, पण माणसं आहेत. १९५०-६० च्या दशकात गावच्या पांढरीत विटी कोललेली माणसं आज ओट्यावर बसलेली आहेत. त्यामुळे खान्देशचं काम ओहायोपेक्षा सोपं आहे, पण मुदत कमी आहे.

सुरुवात एका गावापासून आणि एकाच खेळापासून करता येईल. गावातल्या आठ-दहा ज्येष्ठांना, आणि मुद्दाम आजीबाईंनाही, वेगवेगळं विचारायचं. वेगवेगळं यासाठी, की एकत्र बसवलं तर जो मोठ्याने बोलतो त्याचाच नियम खरा ठरतो. दांडू किती लांब, कुठल्या लाकडाचा, गल्ली केवढी खोल, मोजणीचे शब्द कोणते, बाद केव्हा, हरलेल्याला शिक्षा काय. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे दोन्ही नोंदवायचं, मधला मार्ग काढायचा नाही. मग त्या नियमांनी प्रत्यक्ष सामना खेळायचा. खेळताना हमखास असा प्रसंग येतो की ज्याचं उत्तर कुणी सांगितलेलं नसतं. तेव्हा ओट्यावरचे आजोबा आपणहून उठतात आणि सांगतात, ‘असं नाही, तसं.’ प्रश्नावलीने जे निघत नाही ते सामन्याने निघतं, म्हणून नुसती मुलाखत पुरेशी नाही.

यासाठी मोठा निधी लागत नाही. जागा शाळेची, दिवस आखाजीच्या आसपासचे, चित्रीकरण मोबाइलवर. शब्द मात्र ज्या बोलीत सांगितले त्याच बोलीत ठेवायचे. अहिराणीतला शब्द प्रमाण मराठीत ‘सुधारला’ की अर्धी माहिती गेलीच. या नोंदी ठेवण्यासाठी ठिकाणंही जवळच आहेत. धुळ्यात १९२७ पासूनचं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे. गावोगाव फिरून दप्तरं गोळा करणाऱ्या राजवाड्यांच्या नावाची संस्था खेळांच्या नोंदी ठेवायला शोभणारीच. जळगावात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना आपापल्या गावचा एक खेळ नोंदवण्याचा प्रकल्प दिला, तर दोन-तीन वर्षांत जळगाव, धुळे आणि नंदुरबारचा खेळांचा नकाशा उभा राहू शकतो.

पण मुलं मोबाइल सोडून येतील का?

सगळी येणार नाहीत. व्हिंटेज बेसबॉलनेही अमेरिकेतली मुलं व्हिडीओ गेमपासून तोडली नाहीत. तो दावाच चुकीचा आहे. जुना खेळ खेळल्याने पदक मिळत नाही, क्रीडा कोट्यातली नोकरी मिळत नाही, हेही खरं. ज्याला ते हवं त्याने खो-खो आणि कबड्डीच खेळावी.

पण मुलांपेक्षाही या सामन्यात दुसऱ्या कुणाची तरी गरज जास्त आहे. ज्याला घरात कुणी काही विचारत नाही, अशा पंचाहत्तरीच्या माणसाला त्या दिवशी पंच करावं लागतं. कारण नियम फक्त त्यालाच माहीत असतात. नातवाला प्रमाणपत्राची भाषा येते, आजोबांना मोजणीची. मैदानात त्या दिवशी मोजणी चालते.

युनेस्कोच्या २००३ च्या करारात अमूर्त वारशाचा विचार आहे. भारत २००५ पासून त्यात आहे. त्या विचाराचं सार असं की वारसा वस्तूत नसतो, तो करणाऱ्यांत असतो. दांडू संग्रहालयात ठेवता येतो, पण ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ ठेवता येत नाही. ते कुणीतरी मोठ्याने म्हणावं लागतं, आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणीतरी ‘चुकलास’ असं म्हणावं लागतं.

तुमच्या घरात सत्तरीपुढचं कुणी असेल तर आज एक काम करता येईल. नालच्या पुढचा आकडा कोणता, एवढंच विचारा. उत्तर मिळालं तर गावाचं नाव आणि सांगणाऱ्याचं वय लिहून ठेवा. दोन घरांची उत्तरं वेगळी आली, तर सामना ठरवायला तेवढं कारण पुरेसं आहे.